दैवशालाची फळी

दैवशाला सातवीपर्यंत माझी विद्यार्थिनी होती. गणितात ती फार हुशार होती असं मी म्हणणार नाही. पण एक सवय तिला होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच मुलात पाहिली नाही. वजाबाकी केली की उत्तर परत मिळवून बघायची, आणि मिळालं नाही तर कुणाला न सांगता पहिल्यापासून गणित मांडायची. पाटी पुसताना तिचा चेहरा असा असायचा, जणू चूक पाटीनं केली आहे आणि ती तिला माफ करते आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या ईटपासून थोडं आत आमचं गाव. लग्न होऊन ती याच गावात राहिली, नात्यातच दिली होती. आज ती इथल्या अंगणवाडीची सेविका आहे. गावातली सहा वर्षांच्या आतली सगळी मुलं तिच्या हाताखालून जातात. त्यांना खिचडी शिजवून द्यायची, गाणी म्हणून घ्यायची, लसीच्या दिवशी आयांना घरून बोलावून आणायचं, आणि महिन्याला एकदा प्रत्येकाचं वजन-उंची घ्यायची. रस्त्यात कुणाचं मूल दिसलं की आधी त्याचे दंड बघते. बोलणं आईशी चालू असतं, नजर पोराच्या दंडावर.

हे काम तिनं का धरलं, ते गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथंही सांगून टाकतो. तिची पहिली मुलगी अर्पिता दीड वर्षाची होऊन गेली. आजार असा काही मोठा नव्हता. सारखं पोट बिघडायचं, मूल वाळत चाललं होतं, आणि घरातली माणसं म्हणायची, “आपल्या घराची चणच बारकी.” नंतर दोन मुलगे झाले, ते आता कमावते आहेत. अर्पिताचं नाव ती सहसा काढत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सकाळी ती आमच्या अंगणात आली. मी ज्वारी उन्हात घालत होतो. तिच्या हातात कामाचा मोबाईल होता.

“सर, एक विचारायचं होतं. ह्यात वजन-उंची भरली की पोरापुढं आकडा येतोय. उणे एक, उणे दीड, असा. उणे दोनच्या खाली गेलं तर पिवळं, उणे तीनच्या खाली तर लाल. प्रशिक्षणात सांगितलंय लाल म्हणजे काय करायचं ते. पण हे उणे कशातनं उणे?”

मला बरं वाटलं. मी अंथरलेल्या चवाळ्यावरच्या ज्वारीकडं बोट केलं. पोत्यातून नुकतीच ओतली होती, अजून पसरली नव्हती.

“ही रास बघ. मधे उंच, कडेला उतरती, अगदी टोकाला दाणा-दोन दाणे. एकाच उंचीची हजार निरोगी मुलं घेतली आणि वजनाप्रमाणं उभी केली, तर अशीच रास होते. सरासरी वजनाच्या आसपास गर्दी. फार हलकी थोडी, फार जड थोडी.”

“मग उणे?”

“मधल्या जागेपासून कडेकडं पावलं टाकत जायचं. एक पाऊल म्हणजे किती ग्रॅम, ते त्या राशीच्या पसरटपणावरून ठरतं. रास पसरट असली तर पाऊल मोठं, उभट असली तर लहान. मुलाचं वजन सरासरीपेक्षा किती कमी, ते काढायचं आणि पावलानं भागायचं. आली ती पावलं. कमी म्हणून उणे.”

तिनं खाली बसून काडीनं राशीच्या कडेला रेघ ओढली. “उणे दोनच्या पलीकडं किती राहत्यात?”

“शंभरात दोन-सव्वादोन. उणे एकच्या पलीकडं सोळाच्या आसपास. आणि उणे तीनच्या पलीकडं हजारात एक, फार तर दीड.”

“निरोगी पोरांत?”

“निरोगी पोरांत.”

तिनं काडीच्या टोकानं कडेचा एक दाणा बाजूला केला. मग म्हणाली, “म्हणजे हजारात एखादं पोर खरंच तसंच असतंय. काही झालेलं नसताना.”

“असतं.”

“आणि ते कोणतं, ते कसं कळायचं?”

“ते ह्या राशीवरून कळत नाही. अशी मुलं किती थोडी असतात, एवढंच ती सांगते. समोर आलेलं मूल त्यातलं आहे का, ते मुलाकडंच बघून ठरवावं लागतं.”

ती उठली. जाता जाता चपलेत पाय घालताना, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “माझी अर्पिता कितीत असती?”

“वजन ठाऊक आहे?”

“दवाखान्याच्या कागदावर होतं. ध्यानात हाय.”

“उंची?”

“उंची कुणी घेतली न्हवती.”

मी म्हणालो, उंचीशिवाय काढता येत नाही. तिनं मान हलवली आणि गेली.

आठ-दहा दिवसांनी परत आली. ह्या वेळी प्रश्न वेगळा होता. गावात बासष्ट मुलं, आणि त्यांच्यात उंचीच्या मानानं वजन कमी असलेलं एकही नाही. सगळी हिरवी.

“सर, निरोगी गावातसुद्धा बासष्टात एखाद-दुसरं पिवळं निघायला पाहिजे, व्हय ना?”

“पाहिजे. पण नाहीच निघालं, असंही चारांत एकदा होऊ शकतं. नुसत्या शून्यावरून काही सिद्ध होत नाही.”

“ते खरं. पण वयाच्या मानानं उंची बघितली तर धाकटी निम्मी पोरं उणे दोनच्या खाली जात्यात. बुटकी समदी आणि वाळलेलं एकबी न्हाय? मी रोज त्यांच्या तोंडात घास घालते, सर. मला डोळे हायत.”

मग तिनं मनातलं सांगितलं. शंभू. द्वारकाबाईंचा नातू, सोळा महिन्यांचा. द्वारकाबाई म्हणजे दैवशालाच्या चुलत सासूबाई. शंभूचा बाप उत्तरेश्वर तुळजापुरात एका लॉजवर व्यवस्थापक आहे, आई शिवांजली पोराला घेऊन इथंच राहते. शंभूचा मोबाईलवरचा आकडा उणे एक पूर्णांक आठ. हिरवा.

“त्याच्या बरगड्या मोजून घ्या म्हणलं तर घेता येतील. हसत न्हाय, रडत न्हाय, मांडीवर ठेवलं तर ठेवल्यासारखं राहतंय. अर्पिताबी शेवटी शेवटी अशीच बसायची.” तिचा आवाज बदलला नाही. “मोजण्यात माझं काहीतरी चुकतंय. तुमी एकदा येऊन बसा.”

मोजणीच्या दिवशी मी अंगणवाडीत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. बायकांना गंमत वाटली. एकजण म्हणाली, “गुरुजी, तुमचंबी वजन करायचं का? खिचडी मिळंल.” दुसरी म्हणाली, “त्यांचं उणेच निघायचं, काकूंनी जीव काढलाय त्यांचा.” मी हसून घेतलं.

मोठी मुलं भिंतीशी उभी राहून मोजून घेत होती, त्यात काही अडचण नव्हती. दोन वर्षांच्या आतलं मूल मात्र आडवं निजवून मोजतात. त्यासाठी एक लांब फळी असते. एका टोकाला उभी पाटी, तिला डोकं टेकवायचं. दुसऱ्या टोकाला सरकती पाटी, ती तळपायाला लावायची. मदतनीस बाई डोकं धरते, सेविका गुडघे दाबून पाय सरळ करते आणि आकडा वाचते. खोली लांबट, दार पूर्वेला. फळी भिंतीलगत होती आणि डोक्याकडची बाजू पलीकडच्या कपाटाला टेकवलेली, म्हणजे हलत नाही.

पहिलं मूल निजवलं. दैवशालानं गुडघ्यावर हात ठेवला मात्र, आजीचा हात आला आणि गुडघ्याखाली शिरला. पाय जरा उचलले गेले. “रडतंय गं, घे लवकर.” दैवशालानं पाटी टाचेला लावली, आकडा वाचला. दुसऱ्या मुलाच्या वेळी आईनंच तसं केलं. तिसऱ्या वेळी कुणी काही केलं नाही, पण आईनं तोंड फिरवून दाराकडं बघितलं आणि दैवशालाचा हात आपोआप सैल पडला.

मला ते लाड वाटले. दैवशालालाही इतके दिवस तसंच वाटत होतं. पण गुडघे वाकले की मूल आखूड भरतं, आणि आखूड मुलाला तेवढं वजन पुरेसं दिसतं. चूक कुठं आहे ते आम्हाला दोघांनाही त्या क्षणी कळलं. का होते आहे, ते अजून कळलं नव्हतं.

शंभूला घेऊन द्वारकाबाई स्वतः आल्या. हाडापेरानं मजबूत बाई, सत्तरीच्या घरातली, गावात कुणाच्याही घरी काही झालं तर पहिली पोचणारी. बाळंतपण असो की मयत. शंभू कडेवर मान टाकून होता. वजन झालं, साडेसात किलो. मग फळीवर निजवला. दैवशालानं ह्या वेळी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि दाबले.

“सोड पाय त्याचे.”

“आत्याबाई, एकच घडी...”

“सोड म्हणते ना! माप कशाचं घेतीस त्याचं?”

द्वारकाबाईंनी पोराला उचललं, पदराखाली घेतलं आणि निघून गेल्या. शंभू त्या सगळ्यात एकदाही रडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दैवशाला आणि मी त्यांच्या घरी गेलो. शिवांजलीनं चहा ठेवला. शंभूच्या हातात चहात बुडवलेलं बिस्कीट होतं. ते तो खातही नव्हता आणि टाकतही नव्हता. द्वारकाबाई उंबऱ्यावर बसून राहिल्या.

मी सुरुवात केली, “द्वारकाबाई, पाय सरळ केल्यानं मुलाला काही होत नाही. उंची खरी कळली तर...”

“गुरुजी, तुमी शिकलेली माणसं. तुमच्याशी काय बोलायचं.” मग त्या दैवशालाकडं वळल्या. “तुझ्या त्या खोलीत लेकरं निजवतीस, त्यांचं डोकं कुठं करतीस गं?”

“कपाटाकडं.”

“आन् पाय?”

मी मनातल्या मनात ती खोली फिरवून बघितली. पूर्वेला दार. कपाट उत्तरेच्या भिंतीला. पाय दक्षिणेला.

आमच्याकडं जिवंत माणूस दक्षिणेकडं पाय करून निजत नाही. तसं शेवटचंच निजवतात, अंगणात, पाय सरळ करून. आणि इथं प्रत्येक महिन्याला गावातलं प्रत्येक तान्हं मूल तसं निजवलं जात होतं, डोकं धरून, गुडघे दाबून, आणि वर त्याचं माप घेतलं जात होतं. एकाही बाईनं ते तोंडानं बोलून दाखवलं नव्हतं. लेकराच्या बाबतीत तो शब्द कोण उच्चारणार? त्यांनी फक्त गुडघ्याखाली हात घातले. जिवंत मूल पाय दुमडून निजतं, तेवढं त्यांनी सांभाळलं.

“मला बोलायचं तरी,” दैवशाला हळू म्हणाली.

“काय बोलायचं?” द्वारकाबाईंचा आवाज एकदम खाली आला. “तुला बोलायचं? अर्पितेला न्यायच्या आधी तुला शुद्ध न्हवती. तिचे पाय दुमडल्याले होते. म्याच सरळ केले. ह्या हातानं. गुडघ्यावर असाच हात ठेवला, तू काल ठेवलास तसा.” त्यांनी तळहात उलटा करून बघितला. “ते पाय उलटे लोटत न्हवते गं. लेकराचा पाय लोटतो. तो लोटत न्हवता.”

शिवांजली चुलीपाशी उभी राहिली होती. चहा उतू गेला तरी तिनं बघितलं नाही.

दैवशाला उठली. मला वाटलं, आता ती घरी जाईल. ती परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर फळी होती, अंगणवाडीतून आणलेली, पदराची चुंबळ करून. ओसरीत तिनं ती ठेवली. डोक्याची बाजू पूर्वेला. सूर्य नुकताच लिंबाच्या वर आला होता, उजेड त्या पाटीवर पडला. मग तिनं घरातनं शंभूचीच गोधडी मागून घेतली, ती पातळ करून फळीवर टाकली.

“आत्याबाई, डोकं उगवतीला केलंय. आता मी हात लावत न्हाय. पाय तुमी धरा.”

“मी?”

“तुमीच. माझ्या हाताला ते ठाऊक न्हाय, तुमच्याला हाय. लोटतोय का बघा.”

द्वारकाबाईंनी दोन्ही तळहात पदराला पुसले. मग उठल्या, शंभूला आईच्या हातातून घेतलं, निजवलं. शिवांजलीनं डोकं धरलं. त्यांनी एक तळहात दोन्ही गुडघ्यांवर ठेवला आणि डोळे मिटले. पाय खाली गेले. दैवशालानं पाटी सरकवून तळव्यांना लावली आणि वाकून आकडा वाचला. सवयीप्रमाणं दोनदा वाचला.

शहात्तर सेंटिमीटर. मोबाईलवर एकाहत्तर होती.

“लोटतोय का?” तिनं विचारलं.

द्वारकाबाईंनी डोळे उघडले. “लोटतोय,” त्या म्हणाल्या. “पण लई हळू.”

बाकीचं गणित मी तिथंच बोटावर केलं. एकाहत्तरच्या मुलाचं सरासरी वजन साधारण आठ किलो सहाशे, पाऊल सहाशे ग्रॅमचं. शंभूचं साडेसात, म्हणजे अकराशे ग्रॅम कमी. दोन पावलंही होत नव्हती. शहात्तरच्या मुलाचं सरासरी वजन नऊ किलो सातशे, पाऊल सातशेचं. आता कमी पडत होते बावीसशे ग्रॅम. तीन पावलं ओलांडून पलीकडं. मोबाईलमध्ये उंची भरली, तशी शंभूपुढची खूण लाल झाली.

लाल म्हणजे धाराशिवच्या दवाखान्यात भरती. तिथं अशा मुलांसाठी वेगळा कक्ष असतो, आईला सोबत राहता येतं. शिवांजलीनं नवऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला.

“कुपोषित?” उत्तरेश्वर पलीकडून म्हणाला. “आपल्या घरातलं पोर? दारात दोन म्हशी हायत. लोक काय म्हणतील? आपली चणच बारकी हाय. मी बारका न्हवतो का?”

द्वारकाबाईंनी माझ्याकडं बघितलं. “गुरुजी, त्याचंबी खरं हाय. हा लहानपणी असाच होता. असत्यात ना अशी लेकरं?”

खोटं सांगणं सोपं होतं, पण मी म्हणालो, “असतात. हजारात एखादं. तुमचा शंभू ते एखादं असेलही.”

“मग?”

“मग डॉक्टर तपासतील आणि परत पाठवतील. चार दिवस वाया जातील. पण तो ते एखादं नसला, आणि आपण त्याला तसं समजून घरी ठेवलं, तर?”

दैवशाला शंभूच्या हातातलं ओलं बिस्कीट काढून घेत होती. द्वारकाबाई तिच्या वाकलेल्या पाठीकडं बघत होत्या.

“उत्तरेश्वरा,” त्या फोनच्या दिशेनं म्हणाल्या, “तू धाराशिवच्या एस.टी. स्टँडवर येऊन थांब. आम्ही त्याला घेऊन निघालोय. लोकांचं मी बघते.”

शंभू ते एखादं मूल नव्हता. पोट सारखं बिघडून अन्न अंगी लागत नव्हतं, रक्त फार कमी होतं, छातीतही कफ धरला होता. आणखी महिनाभर घरी राहता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि दैवशालानं विचारलं नाही. दोन आठवडे ते तिथं राहिले. सुरुवातीचे काही दिवस वाईट गेले. एकदा शिवांजलीचा फोन आला आणि तिला रडण्यापलीकडं काही बोलता येईना. त्या दिवशी दैवशालानं खिचडी शिजवली, मुलांना वाढली, भांडी घासली, आणि पहिल्या गाडीनं धाराशिवला गेली.

इकडं अंगणवाडीत फळीची जागा बदलली. दैवशालानं कपाट हलवलं नाही, फळीच आडवी केली, खोलीच्या मधोमध, डोकं उगवतीला. जमिनीवर चुन्यानं रेघ मारून ठेवली, म्हणजे कुणाच्या हातून फिरणार नाही. कुणालाही कारण सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही. पुढच्या मोजणीला बायका आल्या, त्या रेघेकडं बघितलं, आणि गुडघ्याखाली एकही हात गेला नाही.

त्या महिन्यात धाकटी मुलं भराभर उंच झाली आणि चार पिवळी निघाली. पर्यवेक्षिकाबाई चौकशीला आल्या. चांगल्या बाई आहेत, कामाच्या. त्यांनी विचारलं, “दैवशालाताई, गेल्या महिन्यापर्यंत तुमचं गाव सगळं हिरवं होतं. एकदम कसं बिघडलं?”

“बिघडलं न्हाय, मॅडम. आधी चुकीचं मोजत होतो,” ती म्हणाली, आणि फळी कशी ठेवलेली होती ते सरळ सांगितलं. पर्यवेक्षिकाबाईंनी त्या चुन्याच्या रेघेपाशी जाऊन फळीची दिशा बघितली. मग म्हणाल्या, “वाशी तालुक्यातल्या दोन अंगणवाड्यांत मला बघून यायला पाहिजे.”

आता मी मोजणीच्या दिवशी अधूनमधून जाऊन बसतो. दैवशालाचे केस पांढरे झालेत, चष्मा आलाय, आकडा अजूनही दोनदा वाचते. अर्पिताबद्दल तिनं मला परत विचारलं नाही. द्वारकाबाईंनीही तो विषय पुन्हा काढल्याचं मला माहीत नाही. पण मोजणीच्या दिवशी खिचडी व्हायच्या आत त्या हजर असतात. तान्ह्यांचे पाय धरायचं काम त्यांचं. सरकारी नोंदीत ते कुठंच नाही.

शंभूला दवाखान्यातून आणल्यावर तिसऱ्या की चौथ्या महिन्याची मोजणी मला चांगली आठवते. आकडा उणे दीडच्या आसपास आला होता. फळीवर ठेवलं तसं त्यानं भोकाड पसरलं. अंगणवाडीचं पत्र्याचं छप्पर दणाणलं. द्वारकाबाईंनी गुडघ्यांवर हात ठेवला, तर त्यानं दोन्ही पाय असे झाडले की सरकती पाटी निसटून दैवशालाच्या मनगटावर बसली.

“अगं, धरा त्याला नीट, आत्याबाई!”

“कशी धरू?” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा हात परत परत मागं ढकलला जात होता, आणि त्या तो परत परत तिथंच ठेवत होत्या. “धरू देतोय का ते? बघ की कसा लोटतोय.”

दैवशाला मनगट चोळत थांबली. पाटी परत लावायची तिनं घाई केली नाही.